पाठकोऱ्या कागदांची पेटी

…नाही नाही, त्या स्टुलावर नको, या खुर्चीवर बसा — मोडकं नाहीये ते, पण राहू दे. हां, तर पेटी न्यायला आलात म्हणे? खाली कागद फाडायचं मशीन बसवलंय, आता सगळ्या मजल्यांचा कागद थेट त्याच्या घशात, म्हणून माझी पेटी नको, टेबल नको, हा कोपराही नको — वा! अहो, मशीनला कळतं का, कुठला कागद पाठकोरा आणि कुठला दोन्हीकडून भरलेला? त्याला काय, दिसेल ते चावायचं. मी इथे भाजी निवडावी तशी निवडते. दोन्हीकडून भरलेले कागद गोणीत, ते रद्दीवाला नेतो, त्यांचा लगदा होऊन पुन्हा कागद होतो. एका बाजूने कोरे असतील ते पेटीत. मग टाचण्या काढायच्या, अर्धे कापायचे, मागे पुठ्ठा, कडेला दोरा — झालं पॅड! हसताय काय, या इमारतीत माझं पॅड नाही असं एक टेबल दाखवा. बड्या साहेबांचंसुद्धा त्याला अपवाद नाही. तो तुमचा हुकूम कशावर लिहिलाय त्यांनी? दाखवा, दाखवा तर — बघा! माझंच पॅड! मागे गेल्या वर्षीच्या सहलीची सूचना आहे. माझ्याच पॅडावर माझी पेटी हलवतात, म्हणजे कमालच झाली की नाही?

काय? कागदाचा खप वाढलाय? पेटी ठेवल्यापासून? कुणी सांगितलं तुम्हाला — आणि वाढलाय कुठे, वरती, लेखा विभागात? मग तर शक्यच नाही. तिथे फूटपट्टी बसतात. म्हणजे नाव नाही हो ते त्यांचं, ऑफिसनं ठेवलंय — शाई वाया जाईल म्हणून सहीखालची रेघसुद्धा न मारणारा माणूस तो, तो कागद उधळेल? उलट चुकलेला कागद स्वतः आणून देतात इथे. शिपायाच्या हाती नाही पाठवत. आज लिफ्ट बंद आहे ना, तरी येतील, तो दुखरा गुडघा घेऊन जिना उतरतील. येतात, पेटीत कागद ठेवतात — टाकत नाहीत, ठेवतात — आणि घटकाभर टेकतात. स्टुलावर. म्हणून म्हटलं मघाशी, उंची त्यांच्या गुडघ्याला बरोबर पडते, शोधून आणलंय मी ते… म्हणजे पडलंच होतं गोदामात, उचलून आणलं, एवढंच.

आता त्यांची प्रिंट चुकते रोज एखादी, त्याला ते तरी काय करणार? कधी कागदावर नुसती तारीख. कधी नुसता पानाचा आकडा, खाली कोपऱ्यात. एकदा तर एकच टिंब होतं! आणि परवा काय झालं, कागद ठेवला, मी उलटून पाहिला, पुन्हा उलटून पाहिला — कोराच! म्हटलं, अहो, हा पाठकोरा नाही, हा पोटकोराही आहे! तर असे लाल झाले की काय सांगू. म्हणाले, प्रिंटचं मशीन बिघडलंय. मी आपलं त्यांचे कागद वेगळे ठेवते, त्यांचं पॅड त्यांच्याच कागदाचं करते, हिरव्या दोऱ्याचं. बाकीच्यांना पांढरा. हिरवा उरला होता थोडा, म्हणून. नंतर संपला, मग आणला. अहो असे बघू नका, दोराच आहे तो!

मला घरी भाऊ ताई म्हणतो, वहिनी ताई म्हणते, भाची तेवढी आत्या म्हणते. इथे शिपायापासून बड्या साहेबांपर्यंत सगळे ताई, तुम्हीही आल्या आल्या ताईच म्हणालात. ते नाही म्हणत. काहीच म्हणत नाहीत. नुसते खाकरतात. मला वाटायचं, घसा खराब असेल, म्हणून लवंग ठेवते इथे खणात…

थांबा. आकड्यात कधी चुकत नाही तो माणूस. सबंध ऑफिस त्याच्याकडून चुका तपासून घेतं. आणि त्याचीच प्रिंट रोज चुकते? एकच? नेमकी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर?

अगं बाई.

तरीच वहिनी परवा म्हणाली, हल्ली आरशासमोर फार वेळ जातो तुमचा ताई… बोलू नका तुम्ही. एक शब्द बोलू नका. या वयात माणसाने — आणि मी इथे बसून टाचण्या काढतेय! कागद वाचवतेय म्हणे! चांगले कोरे कागद वाया घालवतोय तो माणूस, ते कुणासाठी?

न्या पेटी. हो, मीच म्हणतेय, मघाशी भांडत होते तीच मी. उचला, टेबलही न्या, गोणीही न्या. स्टूल राहू दे. कागदाचं निमित्त नसताना येतात का खाली, हे कळू दे मला एकदाचं. नाहीच आले तर… नाहीच आले तर मला फार वाईट वाटेल हो, खोटं कशाला बोलू. पण न्या.

शू! जिन्यावर ऐकू येतंय? एक पाऊल जड, एक हलकं. खाकरले बघा. अहो, उभे काय राहिलात, उचला ना! मागच्या दाराने जा. आणि जाताना ते दार ओढून घ्या.