सातवीचं माप

हॅलो?… हां, बोल ठमे. थांब, मशीन बंद करते… हं, आता बोल.

अगं, तुझ्याच फोनची वाट बघत होते. दादाच्या लग्नातला तुझा ड्रेस बेतायला घेतला, आणि तू पाठवलेलं माप बघून कात्री तशीच हातात राहिली. टेप कुठून धरलीस तू? कमरेचं चुकलंय…

मैत्रिणीनं घेतलं?… दोनदा?… मग तिलाही येत नाही. तीस वर्षं टेप गळ्यात आहे माझ्या, मला शिकवू नका दोघी मिळून.

अगं ऐक ना. मी जुनी वही काढली. अगदी हेच माप आहे त्यात. तुझ्या सातवीच्या गणवेशाचं…

हसतेस काय?… मी कशाला खूश होऊ गं?

हो, हो… टाकले मी बदाम. तुझ्या एकूण एक फोटोला टाकले. गिऱ्हाइकांनाही दाखवले, बघा म्हटलं, लेक कशी दिसते. मला वाटलं, फोनमध्येच करतात ना काहीतरी बारीक दिसायला, तसं असेल… उपाशी राहून करतेयस, हे मला कसं कळणार?

नाही, ओरडत नाहीये… रडतही नाहीये. सर्दी झालीय.

काय?… अगं, ठमी लाडानं म्हणते मी… बायकांसमोर? कधी?…

हो. म्हणायचे. 'हिला कापड जास्तच लागतं'… हेही म्हणालेय. त्या हसायच्या. तूसुद्धा हसायचीस की… नव्हतीस?…

चुकलं माझं. अगं, चुकलं म्हणते ना… नुसतं तोंडदेखलं नाही म्हणत.

बरं, सकाळपासून काय खाल्लंस?… कॉफी म्हणजे खाणं नव्हे. ब्रेड आहे ना घरात? एक घे. आत्ता घे, मी फोन धरून बसते… घेतलास?… खा सावकाश…

झाला? एवढ्यात?…

काही आवाज नाही आला गं… बरं, बरं. खाल्लास म्हणतेस ना, मग खाल्लास.

मी येते तिकडे. दुपारच्या गाडीनं निघते… नको काय? काही बोलणार नाही मी, नुसती बसेन तुझ्याजवळ…

फोटो होईपर्यंत थांबू?… लग्नाचे फोटो झाले की जेवशील?… नीट जेवशील, शप्पथ?…

अगं, लग्नाला अजून तीन महिने आहेत…

हॅलो?… बाळा?… हॅलो?