आधी खरं, मग जर-तर

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे विश्वस्त, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे गुरू, म्हणजे आपल्या जर्मन विभागाचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, माझे सहकारी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझ्या सकाळच्या वर्गातले विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

सरांविषयी दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. मी भाषण लिहून आणलं होतं आणि आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. त्यात सरांना मी दीपस्तंभ वगैरे म्हटलं होतं. निरोपाच्या भाषणात एखादा दीपस्तंभ लागतोच. पण ते भाषण आता पर्समध्येच राहू दे. का, ते ओघानं येईलच.

आधी सरांचं कौतुक. ते खरं आहे आणि ते मी राखून ठेवणार नाही. जर्मन शिकायला लोक हौसेनं येतात. ‘नमस्कार, माझं नाव अमुक, मला कॉफी आवडते’ इथपर्यंत सगळे खूश असतात. मग येतो संकेतार्थाचा धडा. जे घडलं नाही, जे नाही पण असतं तर, त्याची रूपं. तिथे निम्मा वर्ग गळतो. सर मात्र म्हणायचे, यात घाबरण्यासारखं काय आहे? भूतकाळाचं रूप घ्या. ‘हाट्टे’ म्हणजे होतं. त्यातल्या रोमन ‘a’च्या डोक्यावर दोन टिंबं द्या. झालं ‘हेट्टे’, म्हणजे असतं तर. दोन टिंबांत आहे त्याचं नाही करून दाखवतो, असं म्हणून ते स्वतःच हसायचे. आणि दुसऱ्याचं बोलणं आपल्या अंगाला न लावता सांगायचं रूप वेगळं. ते शिकवताना म्हणायचे, हे तर तुम्हाला जन्मजात येतं, हे आपलं ‘म्हणे’. साहेब आजारी आहेत म्हणे! खरं-खोटं साहेब जाणे. सांगा, इतकं सोपं करून कोण शिकवतं?

पण सरांची खरी पद्धत फळ्यावर होती. मधोमध उभी रेघ. उजवीकडे जर-तरचं वाक्य, डावीकडे खरं वाक्य. आणि नियम असा, की आधी डावीकडचं लिहायचं. एका परिचारिकेनं लिहिलं, ‘मला रजा मिळाली असती तर मी बहिणीकडे गेले असते.’ सर म्हणाले, “बाई, आधी डावीकडे या. खरं काय?” तिनं लिहिलं, ‘मला रजा मिळाली नाही.’ मग तिचं उजवीकडचं वाक्य तपासलं गेलं.

एकदा एक टॅक्सीवाले उठले. मी तेव्हा मागच्या बाकावर बसून सरांचं शिकवणं पाहत असे. त्यांनी घाईघाईनं उजवीकडे लिहिलं, ‘माझे वडील असते तर मला पाहून खूश झाले असते.’ सरांनी नुसतं डावीकडे बोट केलं. ते गृहस्थ खडू धरून उभे राहिले. वर्गात कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या ना सर. सरांनी जाऊ दिलं नाही. तास संपत आला तेव्हा त्या गृहस्थांनी ‘माझे वडील नाहीत’ एवढंच लिहिलं आणि जागेवर येऊन डोळे पुसले. त्यानंतर सर जे बोलले ते मला तोंडपाठ आहे. “ज्याला डावीकडचं लिहायची भीती वाटते, त्याला उजवीकडचं लिहायचा हक्क नाही.” त्या दिवशी मी ठरवलं, शिकवायचं तर असं.

आता थोडं माझ्याविषयी. सत्कार सरांचा आहे, मला ठाऊक आहे, पण दोन मिनिटं द्या. मी इथली हंगामी शिक्षिका. हंगाम म्हटला की तो कधीतरी सरतो, असा आपला समज असतो. माझा तेरा वर्षं चालू आहे. दर वर्षी मी कायम जागेसाठी अर्ज करते, आणि तो छाननी समितीकडे जातो. ही समिती वरच्या खोलीत दार लावून बसते. त्यात कोण असतं ते सांगायचं नाही, अशी आपल्याकडची पद्धत. दर वर्षी निरोप येतो, यंदा नाही.

निरोप आला की सर शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर बसायचे. स्वतःच्या हातानं माझ्यापुढे चहा ठेवायचे आणि म्हणायचे, “मी त्या समितीवर असतो ना, तर तुझं नाव सगळ्यात वर असतं.” आवाज असा की ऐकणाऱ्याला भरून यावं. मला यायचं. घरी आई विचारायची, “एवढे मोठे तुझे सर, त्यांचं तिथे कुणी ऐकत नाही होय गं?” मी तिच्यावरच खेकसायचे. “अगं, ते त्या समितीवर नाहीत! तुला काही कळत नाही.” तिला काही कळत नाही, असं मी माझ्या आईला म्हणत होते.

मध्यंतरी एका भाषांतर कचेरीनं मला बोलावलं होतं. कायमची नोकरी, स्वतःचं टेबल, खिडकीपाशी. मी सरांच्या घरी विचारायला गेले. सर म्हणाले, “मी तुझ्या जागी असतो तर थांबलो असतो.” मी थांबले. काकूंनी त्या दिवशी मला जेवायलाच ठेवून घेतलं. म्हणाल्या, “तू आमची लेकच आहेस.”

आणि आत्ता, माझ्या आधी, अध्यक्षमहोदय बोलले. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. ते म्हणाले, “सरांचं एक योगदान कुणाला ठाऊक नाही, आज सांगायला हरकत नाही. आमच्या छाननी समितीवर ते पहिल्यापासून आहेत. एक बैठक चुकवली नाही. आणि जर्मनच्या बाबतीत त्यांचा शब्द आम्ही कधी खाली पडू दिला नाही.” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या, हात सवयीनं उठले. मग अर्थ डोक्यात शिरला. अध्यक्षमहोदय, कौतुक करायला गेलात आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत. तरी मी तुमची ऋणी आहे.

तर सर, तुमच्याच नियमानं चालू या. डावीकडे काय लिहायचं? तुम्ही समितीवर होतात. माझं नाव दर वर्षी तुमच्यासमोर आलं. ते तुम्ही खोडलंत. खाली येऊन मला चहा दिलात.

काय म्हणालात, सर? मागे ऐकू गेलं नसेल, मी माइकवर सांगते. सर म्हणताहेत, “अगं, तू कायम झाली असतीस तर तुला दुसऱ्या शाखेत पाठवलं असतं. मग सकाळचा वर्ग कुणी घेतला असता? पेपर कुणी तपासले असते? विभाग बंद पडला असता.”

विद्यार्थ्यांनो, रूपं नीट ऐकलीत? एकही चुकलं नाही.

मला राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही. हिला शिकवता येत नाही, असं तुम्ही समितीत म्हणाला असतात तर मी घरी जाऊन रडले असते आणि दुसरीकडे पोट भरलं असतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. मला चांगलं शिकवता येतं, हाच माझा गुन्हा ठरला. लोक म्हणतात, गरज सरो नि वैद्य मरो. इथे गरज सरेना, म्हणून वैद्याला कोंडून ठेवलं. आणि कोंडलं तेही कसं, तर ‘लेक’ म्हणून, चहा पाजून. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला. काकू, तुम्ही मान खाली घातलीत. अध्यक्ष बोलत होते तेव्हा मी तुमच्याकडेच पाहत होते. तुम्हाला नवल वाटलेलं दिसलं नाही. ते मला सरांच्या खोटेपणापेक्षा जास्त लागलं.

सूत्रसंचालकांनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘आवरतं घ्या’. घेते.

अध्यक्षमहोदयांनी असंही जाहीर केलं, की सर मानद सल्लागार म्हणून राहतील, समितीवरही राहतील, आणि नवीन नेमणूक होईपर्यंत बाई सगळे वर्ग सांभाळतील. बाई सांभाळणार नाहीत. मी आजपासून या संस्थेत नाही. भाषांतर कचेरी अजून मला घेईल का, ठाऊक नाही. खिडकीपाशी आता दुसरं कुणी बसत असेल. भिंतीला टेकलेल्या माझ्या मुलांनो, तुमचा धडा अर्धा राहिला, याचं मला वाईट वाटतं. पण तुमच्यासाठी म्हणून मी फार थांबले, आणि थांबवणाऱ्यांना ते पक्कं माहीत होतं.

संस्थेनं हा कार्यक्रम घडवून आणला, सभागृह सजवणाऱ्यांनी सकाळपासून कष्ट घेतले, आपण सर्वांनी मधेच न उठता ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रसंग आनंदाचा होता, माझ्या बोलण्यानं त्याला गालबोट लागलं. त्यात काही कमी-जास्त झालं असेल तर श्रोत्यांनी पोटात घालावं. सर, तुमची क्षमा मात्र मी मागणार नाही. आणि तुम्ही माझी मागायला आलात, तर घरी आई असेल. आधी तिची मागा.