कूलरमागची भिंत

रजिस्ट्री ऑफिसच्या रांगेत पार्वतीबाईंच्या पुढे एक नवरा-बायको भांडत होते.

"घर पाहाले वास्तुवाले पंडितजी नेले! प्लंबर काहून नाही नेला?"

"हळू बोल वं, लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या! कूलरमागची भिंत वली होती. मालक म्हणे, कूलरचं पानी उडते. तुम्ही मुंडी हलवली!"

"उन्हाळ्यात उडतेच ना पानी."

"काल मी कूलरच्या टाकीत हात घातला. थेंब नव्हता, नुसती धूळ! भिंतीतला पाइप फुटला आहे. मी सही करत नाही."

पार्वतीबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

"अहो, आपलं गिऱ्हाईक येताना घर पुन्हा पाहून येतो म्हणे ना? आधी घरी पळा, अन् कूलरात पानी भरा."