यादीतलं आठवं नाव

वकील: ...पहिले दोन दिवस दीपगृहाजवळचं मैदान, तिसरा दिवस प्रवास, चौथ्या-पाचव्या दिवशी कड्यावरचं. आणि सहाव्या दिवशी ते सगळ्यात जुनं, जिथे खेळायला मिळावं म्हणून लोक दोन-दोन वर्षं ताटकळतात. आपल्याला मिळालं. सकाळी आठ दहा आणि आठ वीस. चार-चार जणांचे दोन गट. हसताय काय, माळीबुवा?

माळी: तुम्ही गोल्फची सहल सांगताय की खटल्याच्या तारखा, तेच कळेना.

वकील: चाळीस वर्षांची खोड आहे, आता कुठली जायला. ते पातं ठेवा बरं खाली. मी तुमच्याशी बोलतोय का त्या गवत कापायच्या यंत्राशी?

माळी: ऐकतोय साहेब. हात चालू असले की माझे कान जास्त चालतात. एक तारखेला नवा माणूस येणार. त्याच्या हातात बोथट पाती देऊन गेलो तर तीस वर्षांचं नाव धुळीला मिळेल.

वकील: बरं, ऐका. तुम्ही पहिल्या गटात. माझ्याबरोबर.

माळी: गटात? म्हणजे मी खेळायचं?

वकील: मग काय काठ्या वाहायला नेतोय तुम्हाला? अहो, निवृत्तीची भेट आहे ती, सगळ्या क्लबनं मिळून ठरवलेली. आणि सोमवारी क्लब बंद असतो तेव्हा तुम्ही एकटे अठराच्या अठरा होल खेळता, हे आम्हाला ठाऊक नाही असं वाटतं? तीस वर्षं?

माळी: अरे देवा. कुणी सांगितलं?

वकील: आमच्या हिनेच. एकदा रुमाल विसरला म्हणून सोमवारी परत आली होती. झाडाआडून तुमचे तीन फटके बघितले आणि घरी येऊन मला म्हणाली, "तुमच्यापेक्षा माळीबुवा सरळ मारतात."

माळी: बाईसाहेब स्वतः काय कमी होत्या? अख्ख्या क्लबात त्यांच्यासारखा हलका हात कुणाचा नव्हता. हिरवळीवरून चालून गेल्या तरी गवत दबायचं नाही. ही सहल त्यांनीच काढली होती ना आधी?

वकील: तिनेच. आम्ही चौघं जाणार होतो. नकाशे काढले होते, वाऱ्याच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. ते राहू दे आता. अडचण अशी आहे, की दंतवैद्यांचे गुडघे गेले. ते येत नाहीत. सात जण उरलो. जुन्या मैदानाचा नियम आहे, चारांचे दोन पूर्ण गट हवेत, नाहीतर दुसरी वेळ काढून घेतात. शुक्रवारपर्यंत आठवं नाव कळवायचंय.

माळी: एक नाव सांगू?

वकील: सांगा की.

माळी: रागावाल.

वकील: मग सांगू नका.

माळी: डॉक्टरसाहेब.

वकील: माळीबुवा.

माळी: त्या चौघांतले दोघंच तर उरलात तुम्ही. ते चौथे गृहस्थ परदेशी निघून गेले. मला वाटलं...

वकील: तुम्हाला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही. चार वर्षं त्या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही. रस्त्यात समोर आला तर पलीकडच्या बाजूला जातो मी, या वयात, गाड्यांमधून. का, ते तुम्हाला माहीत आहे.

माळी: आहे साहेब.

वकील: मग? साधं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तिचं. सकाळी नऊला आत नेली, अकराला तो बाहेर आला. सगळं छान झालं म्हणाला. आणि दुपारी इथे येऊन खेळत बसला. खेळत! तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा रक्तदाब पडायला लागला, हॉस्पिटलनं इथे क्लबच्या कचेरीत फोन केला. मैदानावर मोबाइल न्यायचा नाही हा आपला नियम, आपणच केलेला. तो हॉस्पिटलात उगवला चार वाजून पाच मिनिटांनी. पंचावन्न मिनिटं! इथून तिथे गाडीनं पंधरा मिनिटांचा रस्ता. उरलेली चाळीस मिनिटं कुठे गेली? मी त्याला विचारलं. तोंडावर विचारलं. तर मान खाली घालून म्हणतो, "निरोप मिळाला होता. मला उशीर झाला."

माळी: असं म्हणाले.

वकील: उशीर झाला! डाव पुरा करून आला, दुसरं काय? पायात ते खिळ्यांचे बूट तसेच. त्या फरशीवर टकटक, टकटक. अजून ऐकू येतं मला.

माळी: डाव पुरा नाही केला त्यांनी, साहेब.

वकील: तुम्हाला काय माहीत?

माळी: निरोप माझ्याकडे होता.

(पातं दगडावर ठेवल्याचा आवाज.)

वकील: पुन्हा सांगा.

माळी: कचेरीतला कारकून पळत आला इथं, या खोलीच्या दारात. म्हणाला, डॉक्टरसाहेब बाराव्या होलवर असतील, हॉस्पिटलमधून बोलावलंय, लगेच सांगा. मी हो म्हणालो. निघालोसुद्धा. वाटेत बघतो तर सातव्या होलच्या हिरवळीखालचा पाण्याचा नळ फुटलेला. पाणी नुसतं उसळत होतं. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. महिनाभर त्या गवताला लेकरासारखं जपलं होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना काय, दिवसाआड हॉस्पिटलचं बोलावणं येतंच. आधी पाणी थांबवू.

वकील: किती वेळ?

माळी: वीस मिनिटं. झडप गंजली होती, फिरेना. वीस मिनिटांच्या वर असतील, कमी नाहीत.

वकील: आणि मग?

माळी: मग बाराव्यावर गेलो. चालत गेलो साहेब, पळतसुद्धा नाही. कशासाठी बोलावलंय ते मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी ऐकलं आणि हातातली काठी तिथंच टाकली. बूट बदलायलासुद्धा थांबले नाहीत. इतका मोठा माणूस असा धावताना मी कधी पाहिला नव्हता.

वकील: आणि हे तुम्ही मला आज सांगताय.

माळी: दुसऱ्या दिवशी सकाळी आले होते ते इथं. मी म्हणालो, मी वकीलसाहेबांच्या पायांवर डोकं ठेवतो. तर म्हणाले, एक शब्द बोलायचा नाही. क्लब तुम्हाला काढून टाकेल, राहती खोली क्लबची आहे, तीही जाईल. पोरगी शेवटच्या वर्षाला होती. चौकशी माझी व्हायचीच आहे, म्हणाले, त्यात तुमची भर नको.

वकील: आणि तुम्ही गप्प बसलात.

माळी: बसलो.

वकील: दर वर्षी तिच्या तारखेला माझ्या गाडीच्या टपावर फुलांची जुडी असायची. ती तुम्हीच ठेवायचात ना?

माळी: हो.

वकील: मी घरी सांगायचो, बघा, माळीबुवा विसरत नाहीत. आणि आता? नोकरी संपली, एक तारखेला खोली सोडायची, पोरगी मार्गी लागली. खरं बोलायला मुहूर्त अगदी उत्तम काढलात.

माळी: बोला साहेब. भित्राच निघालो मी, त्यात खोटं काय? पण तुम्ही काल ते तिकीट हातात ठेवलंत आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हटलं, बाईसाहेबांनी ठरवलेल्या वाटेनं, त्यांच्या नवऱ्याशेजारी बसून मी समुद्र बघायला जायचं? हे पोटात ठेवून? नाही जमणार. माझं नाव खोडा. सात होते, सहा करा.

वकील: यादी माझी आहे. तुम्ही खोडू नका, लिहू नका. जरा... जरा पाणी द्या.

माळी: घ्या. सावकाश. आणि साहेब, आणखी एक गोष्ट सांगायची राहिली.

वकील: अजून आहेच?

माळी: मी डॉक्टरसाहेबांनाही तीनला बोलावलंय. मला शेवटचा निरोप द्यायचाय असं समजून ते येतील. तुम्ही इथं आहात, हे त्यांना माहीत नाही.

वकील: मी निघतो.

डॉक्टर: माळीबुवा, आहात का? दार उघडंच... अच्छा. मी नंतर येतो.

माळी: थांबा डॉक्टरसाहेब. सांगितलंय मी त्यांना. सगळं.

डॉक्टर: कशाला? अहो, कशाला सांगितलंत? कुणाचं काय भलं झालं त्यानं?

वकील: आत ये. दारात उभा राहून ओरडू नकोस.

डॉक्टर: मी जातो. तुला त्रास...

वकील: आत ये म्हटलं ना. मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. सरळ. ही वीस मिनिटं मिळाली असती तर ती वाचली असती?

डॉक्टर: माहीत नाही.

वकील: असं उत्तर नसतं.

डॉक्टर: तुझ्या कोर्टात नसेल. आमच्याकडे असतं. चार वर्षं हेच करतोय मी. रोज मांडतो, रोज वेगळं येतं. एखाद्या दिवशी वाचते. बऱ्याचदा नाही वाचत. आत टाका सुटला होता, रक्त आतल्या आत साचत होतं, बाहेर काही दिसत नव्हतं. तरुण डॉक्टर होता तिथे, त्यानं जमेल तेवढं केलं. पण मी तिथे असतो तर निरोप, फोन, नळ, यातलं काहीच लागलं नसतं. संध्याकाळपर्यंत मी तिथून हलायला नको होतं. ऑपरेशन सोपं झालं आणि मी बेफिकीर झालो. ही चूक माझी. माळीबुवांना यात वाटेकरी करू नकोस.

वकील: मग तेव्हा मला खोटं का सांगितलंस?

डॉक्टर: खोटं नाही सांगितलं. उशीर झाला म्हणालो. झाला होता.

वकील: शब्दांचे खेळ माझ्याशी नकोत. ते माझं पोट भरायचं साधन आहे.

डॉक्टर: तुला राग काढायला मी होतो ना. एक माणूस पुरे होता. त्यासाठी आणखी एकाचं घर कशाला मोडायचं? आणि खरं सांगू? तू शिव्या देत होतास तेव्हा मला बरं वाटायचं. चौकशीत सुटलो त्या दिवशी सगळ्यांनी हात मिळवले. मला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारावी.

वकील: मी बाहेर गाडीत बसलो होतो त्या दिवशी.

डॉक्टर: पाहिलं होतं.

वकील: मारायलाच आलो होतो. पण गाडीतून उतरणं जमलं नाही.

माळी: मी... मी जरा पाणी सोडून येतो नर्सरीला. ऊन कलायला लागलंय.

वकील: माळीबुवा.

माळी: जी.

वकील: तुम्ही येणार आहात. तुमच्यावरचा राग माझा मी बघून घेईन. तिकडच्या वाऱ्यात बसून शिव्या घालीन तुम्हाला, रोज सकाळी, आठ दहाला. पण येणार आहात. ती असती तर तुम्हाला सोडून निघाली नसती.

माळी: साहेब, मी काय बोलू?

वकील: काही नको. जा, पाणी सोडा.

डॉक्टर: गेले. रडतायत.

वकील: रडू दे. मलाही कुणीतरी सोबतीला हवंच होतं. बस. ते खोकं घे ओढून. काठी धरलीस का या चार वर्षांत?

डॉक्टर: नाही. बॅग माळ्यावर आहे. बायकोनं दोनदा विकायला काढली.

वकील: जुन्या मैदानाला आठ माणसं लागतात. नाहीतर एक वेळ जाते.

डॉक्टर: दुसरा कुणी बघ. तुला झेपणार नाही. मलाही.

वकील: माफ केलं असं समजू नकोस.

डॉक्टर: नाही समजत.

वकील: एका खोलीत राहणार नाही मी तुझ्याबरोबर. जेवायला शेजारी बसेनच असं नाही.

डॉक्टर: बरं.

वकील: दुसऱ्या गटात टाकतो तुला. आठ वीसच्या. आमच्यामागून येशील.

डॉक्टर: येईन.

वकील: एक विचारायचं राहिलं होतं. तेव्हा रागाच्या भरात विचारलं नाही, मग बोलणंच तुटलं. आत नेताना मला दाराशी थांबवलं होतं. तू तिच्याबरोबर होतास. भूल देण्याआधी काही बोलली का ती?

डॉक्टर: बोलली.

वकील: सहलीचं काही?

डॉक्टर: नाही. तुझंच. म्हणाली, "हे सकाळपासून उपाशी आहेत. माझं झालं की आधी त्यांना जेवायला पाठवा, नाहीतर तिथेच बाकावर बसून राहतील." म्हणून तर बाहेर आल्या आल्या तुला म्हणालो, जा, जेवून घे.

वकील: मला वाटलं, तू मला वाटेला लावतोयस.

डॉक्टर: तिचा निरोप होता.

वकील: मी गेलोच नाही. तिथेच बसून राहिलो.

डॉक्टर: माहीत आहे मला. आज तरी जेवलायस का?

वकील: नाही रे. ही यादी करत बसलो होतो.