यात माणूस नाही

मावशी – थांब. बोट ठेवू नकोस ओळीवर. वाचू दे मला.

भाचा – अगं, वाचण्यासारखं काही नाहीये त्यात. ठरलेला मजकूर आहे त्यांचा. खाली दोन्ही संचालकांच्या सह्या. माझी झाली, तुझी राहिली. चारच्या आत पाठवायचंय.

मावशी – कंपनी काढलीस तेव्हा म्हणालास, कागदावर दुसरं नाव लागतं, मावशी, तुझं घालतो. तेव्हाही वाचूनच सही केली होती. "या उत्पादनाचे सर्व काम सॉफ्टवेअर आपोआप करते. त्यामागे कोणतीही व्यक्ती काम करत नाही." हे काय आहे?

भाचा – नियम आहे त्यांचा.

मावशी – मग तीन वर्षं या खोलीत रोज सकाळी नऊला येऊन बसते ती कोण? भूत?

भाचा – चिडू नकोस, नीट सांगतो. आपण शुद्धलेखन तपासायचं सॉफ्टवेअर विकतो. लोक कार्डाने वर्गणी भरतात, पण ती सरळ आपल्याकडे येत नाही. मध्ये पेमेंटवाला प्लॅटफॉर्म आहे. कागदोपत्री विक्रेता तोच, म्हणून काय विकायचं तेही तोच ठरवतो. सॉफ्टवेअर चालेल. माणसाने बसून केलेलं काम चालणार नाही. परवा त्यांनी आपलं खातं गोठवलं, हे लिहून दिलं तरच उघडणार.

मावशी – तीन वर्षं झोपले होते का?

भाचा – झोपलेलेच बरे होते! तू जागं केलंस.

मावशी – मी?

भाचा – त्या गिऱ्हाइकाचा राजीनामा आठव. सॉफ्टवेअर एका वाक्यावर अडलं, पत्र तुझ्याकडे आलं. तू चुका काढल्यास, ठीक. खाली आणखी काय लिहिलंस?

मावशी – "पत्र शुद्ध आहे. पण फार रागात लिहिलंय. आज पाठवू नका, उद्या एकदा वाचून बघा." त्यात वाईट काय?

भाचा – त्याने नाही पाठवलं. नोकरी टिकली त्याची. आणि त्या आनंदात बहाद्दराने सगळीकडे लिहून टाकलं, असं सॉफ्टवेअर जन्मात पाहिलं नाही, हे तर आईसारखं बोलतं म्हणून. हजारो लोकांनी वाचलं. प्लॅटफॉर्मवाल्यांनीही वाचलं. दोन कलमं लागली आपल्याला. एक माणसाची सेवा, दुसरं सल्ला देणं. सल्लाही बंद आहे त्यांच्याकडे.

मावशी – दाखव ती यादी. इकडे कर, लांबून दिसत नाही मला. "जुगार. हत्यारं. चोरून पाळत ठेवण्याची साधनं. बनावट औषधं. मानवी सेवा." वा रे वा! चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, एक वेलांटी चुकू दिली नाही. आणि शेवटी मला बसवलं कुठे, तर बनावट औषधांच्या खाली!

भाचा – ते तुझ्याबद्दल नाहीये गं. सॉफ्टवेअर कसं, पैसे भरले की लगेच मिळतं, चालतं का नाही ते बघता येतं. माणूस आजारी पडला, वैतागला, काम केलंच नाही, तर गिऱ्हाईक त्यांच्या नावाने बोंब मारणार. विक्रेते ते ना!

मावशी – हं. म्हणजे नियम अगदीच गाढवाने केलेला नाही.

भाचा – तेच तर सांगतोय.

मावशी – मग खरं सांगून टाक त्यांना. यात एक बाई बसते म्हणावं. तीन वर्षांत चार दिवस आजारी पडली, तेही दाताने.

भाचा – सांगितलं की खातं कायमचं बंद. निम्मी गिऱ्हाइकं परदेशात आहेत, दुसरीकडे हलवायचं म्हटलं तर सहा महिने परवान्यातच जातात. तोवर कोण थांबतंय? नोकरी सोडून उडी मारलीय मी यात.

मावशी – माहितीये. सोड म्हणणारी मीच होते.

भाचा – म्हणून तर परवाच मी त्यांना लिहून टाकलं की...

मावशी – काय लिहिलंस?

भाचा – काही नाही. सही कर.

मावशी – काय लिहिलंस ते सांग आधी.

भाचा – की ते वाक्य सॉफ्टवेअरनेच लिहिलं. आपोआप.

मावशी – माझं वाक्य?

भाचा – मावशी...

मावशी – माझं वाक्य तू त्या डबड्याच्या नावावर केलंस? अरे गधड्या, तो माणूस किती चिडलाय हे त्या पत्रात मला दिसलं! तुझ्या सॉफ्टवेअरला काय दिसलं? "सन्माननीय"मधला एक न कमी आहे, एवढं दिसलं. आणि वर तू मला न विचारता?

भाचा – विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?

मावशी – नसते म्हणाले! म्हणूनच विचारायचं असतं!

भाचा – ओरडू नकोस. शेजारी ऑफिस आहे.

मावशी – ऐकू दे शेजाऱ्यांना. त्या बाईचं विसरलास? "शेवटी माझा दीर सुटला" असं लिहिलं होतं तिने. तुझ्या हुशार यंत्राने करून ठेवलं "धीर सुटला." मी तिला विचारलं, बाई, दीर की धीर? ती म्हणाली, दीरच हो, तुरुंगातून सुटला काल! कुणी विचारलं तिला? कोणतीही व्यक्ती नाही, होय ना?

भाचा – मला माहितीये गं सगळं. लोक तुझ्यासाठी राहतात, हेही माहितीये. मी कुठे म्हणतोय तू जा? सही कर, आणि काम चालूच ठेव. कुणाला कळणार आहे? फक्त जरा जपून लिहायचं.

मावशी – जपून म्हणजे?

भाचा – म्हणजे "बरं आहात ना", "जेवलात का" वगैरे नको. सल्ला नको. विचारपूस नको. कोरडं. एका ओळीत. यंत्रासारखं.

मावशी – परत म्हण.

भाचा – मला तसं नाही म्हणायचं...

मावशी – तसंच म्हणायचंय तुला. मी इथे बसायचं, उत्तरं द्यायची, आणि नसल्याचं नाटकही करायचं. आणि आधी लिहून द्यायचं की मी नाहीच. अरे, घरी भिंतींशी बोलते मी. इथे दिवसाला चाळीस माणसं माझ्याशी बोलतात. कुणी लग्नाची पत्रिका दाखवतं, कुणी पोराचा निबंध. तेवढ्यासाठी दोन जिने चढून येते. तुला हौस वाटते ती?

भाचा – नाही वाटत. पण मी काय करू, सांग ना! बायकोला काय सांगू? शुद्धलेखनापायी धंदा बुडवला?

मावशी – वाक्य बदलून मिळेल का? "मुख्यतः सॉफ्टवेअर" असं काही? एक शब्द घालायचाय.

भाचा – एक स्वल्पविरामसुद्धा नाही. विचारलं मी. दोनदा.

मावशी – मग सोपं आहे. वाक्य बदलत नसेल, तर दुसरं काहीतरी बदलायला हवं. माझं लॉगिन काढून टाक.

भाचा – काय?

मावशी – ऐकू आलंय तुला. चार वाजायला वीस मिनिटं आहेत. आधी ते काढ, मग मी सही करते.

भाचा – वेड लागलंय का तुला? मी तुला ठेवण्यासाठीच धडपडतोय!

मावशी – लपवून ठेवण्यासाठी. फरक आहे. आयुष्यात चुकीच्या ओळीखाली सही केली नाही मी, आता म्हातारपणी भाच्यासाठी करू?

भाचा – मग नको करूस. राहू दे. बुडू दे सगळं. फाड तो कागद.

मावशी – आता मोठेपणा नको दाखवूस. मला राग आलाय, आणि रडूही येतंय, आणि दोन्ही तुझ्यासमोर करायचं नाहीये मला. गिऱ्हाइकं काय करतील? तुझ्या बायकोने काय घोडं मारलंय? काढ म्हणते ना!

भाचा – अगं, संध्याकाळी बोलू.

मावशी – काढ.

भाचा – ...काढलं.

मावशी – दाखव. हं. पेन दे.

(कागदावर पेन फिरल्याचा आवाज.)

भाचा – मावशी, मला एवढंच वाटत होतं की...

मावशी – स्कॅन कर आणि पाठव. तारीख घालायची राहिलीय तुझी, ती घाल.

भाचा – पाठवलं.

मावशी – ही खुर्ची घरी घेऊन जाणार आहे मी. पाठीला बरी आहे. हमाल बघ एखादा, जिना उतरायला. का असा आ वासून बघतोयस त्या पडद्याकडे?

भाचा – एक प्रश्न आलाय. अडलेला. तुझं नाव काढलं ना, आता माझ्याकडे येतायत.

मावशी – मग?

भाचा – "मोठ्या भावाला दहा वर्षांनी पत्र लिहितोय. भांडण माझ्याकडून झालं होतं. शेवटी आपला लिहू की तुझा?"

मावशी – सॉफ्टवेअर काय म्हणतंय?

भाचा – दोन्ही शब्द शुद्ध आहेत, म्हणतंय. सांग ना, मावशी. एवढा एकच. काय लिहू त्याला?

मावशी – चूक नाहीये ते उत्तर. तसंच जाऊ दे. सही केलीय मी.