म्हादबाच्या रक्ताचा राग

शपथेवर सांगितलं तरी तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण ऐका. पुण्याहून भोरला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर मेंढरं राखणारे म्हादबा आणि त्यांच्या बायको चंद्राबाई बसले होते.

"चंद्रे, परवा डॉक्टरीणबाईंनी भुलीचं औषध मला दिलंच न्हाई. नळीतल्या माज्या रक्तात घातलं!"

"आन मग?"

"रक्तातल्या पेशी अशा खवळल्या, की नळीचं बूच छताला आदळलं!"

"खवळतीलच. मागं त्याच औषधानं त्वांड भोपळ्यावानी सुजलं, श्वास अडकला. माजा जीव टांगणीला लागलेला."

"म्हनून आज बाई म्हनल्या, म्हादबा, तुमचं रक्त लई तापट. तुमाला कुठलंच औषध चालायचं न्हाई. हर्नियाचं ऑपरेशन रद्द!"

"रद्द?"

"पार रद्द. मेंढरं राखा म्हनल्या."

"आन दुसऱ्या नळीत दुसरं औषध घातलं, तवा पेशी गप ऱ्हायल्या, त्ये?"

"त्ये... तुला कुनी सांगितलं?"

"तुमी तंबाखू मळाया भाईर गेलता, तवा बाईंनीच. आता त्ये दुसरंच औषध देनार हायेत. खोटारडं मानूस! सोमवारी ऑपरेशन हाय. म्या दाराशीच बसून ऱ्हाईन, भ्यायचं न्हाई."