टाकी नेहमी भरलेली

माझी गाडी केव्हाच तयार झाली होती, तरी मी गॅरेजच्या बाकावरून उठलो नाही. शेजारी एक वयस्क जोडपं बसलं होतं आणि त्यांच्या वीस वर्षांच्या गाडीत मेकॅनिक वाकून बघत होता.

"काका, कूलंट गळतंय. रेडिएटरचा पाइप कुजलाय."

"शक्यच नाही. दर रविवारी मी स्वतः बघतो. पातळी खुणेच्या बोटभरही खाली नसते."

"पण कूलंट हिरवं असतं. तुमच्या टाकीत नुसतं पाणी आहे. कुणीतरी भरतंय."

"कोण भरणार? हिला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही."

"स्टिअरिंगखालच्या खटक्यानं उघडतं."

"अगं, तू?"

"दर शनिवारी. तुम्ही दाढीला बसलात की."

"आणि मी गावभर सांगत फिरतोय, माझी गाडी थेंबभर गळत नाही म्हणून."

"थेंब गळाला तर विकून टाकीन, असंही सांगत होतात. मग बुधवारी बहिणीकडे मी कशानं जायचं? तुमच्या बढाईवर बसून?"

"काका, पाइप बदलू की गिऱ्हाईक बघू?"

"बदला. आणि कूलंटचा एक डबा हिच्याकडे द्या. नाहीतर पाणी पाजून इंजिन मारेल माझं."

"छोटा द्या हो. मोठा मला उचलवत नाही."